अळ्यांना सांगा

थोरलीची झोप गेली ती तिसऱ्या सुईनंतर. पहिल्या दोन सुयांनी डोक्यावरचे केस नेले, तोंडाची चव नेली, नाकाचा वास नेला. तिसरी आली तेव्हा नेण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं, म्हणून तिनं झोप नेली. दवाखान्यात तिला केमो म्हणत. घरात मात्र सगळे सुईच म्हणत, मग ती बाटली हाताच्या शिरेतून तीन-तीन तास ठिबकत का असेना.

डॉक्टर भला माणूस. तो म्हणाला होता, "सुईबरोबर ज्या गोळ्या देतो त्या झोप उडवतात. चार दिवसांत येईल परत." चार दिवस गेले, आठ गेले. झोप कुठे पाहुणी राहायला गेली होती कोण जाणे, घरी काही आली नाही.

थोरली पडून राहायची आणि छपराचे खिळे मोजायची. त्रेसष्ट होते. छातीची डावी बाजू काढून टाकल्यापासून त्या कुशीवर झोपता येत नव्हतं, उजव्या कुशीवर झोपलं की नवऱ्याचं घोरणं थेट कानात. तसा तो बिचारा जिवाला जीव देणारा. "तू जागी तर मीही जागा," असं म्हणून भिंतीला टेकून बसायचा. "झोप येते का गं?" असं विचारायला तोंड उघडायचा आणि "झोप" एवढंच म्हणून स्वतःच गुडूप व्हायचा. मग थोरलीच उठून त्याच्या अंगावर पांघरूण घालायची. दिवसभर तुतीचा पाला तोडून, भारे वाहून, शेडमध्ये खाली-वर करून त्याच्या पाठीचं लाकूड झालेलं असायचं. पूर्वी हे काम दोघं मिळून करत. आता तो एकटा करत होता आणि तिला शेडच्या दाराशीही फिरकू देत नव्हता. "डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही सांगितलंय. डाव्या हातानं पाण्याचा तांब्यासुद्धा उचलायचा नाही."

दिवसा ठीक होतं. विचारपूस करायला माणसं येत, लेकीचा शहरातून फोन येई. रात्री मात्र मन नको तिथं जायचं. आपण गेल्यावर हा माणूस मीठ कुठल्या डब्यात शोधेल, इथपासून सुरुवात व्हायची आणि पहाटेपर्यंत तिनं स्वतःची सगळी आवराआवर मनातल्या मनात करून ठेवलेली असायची. तिला भीती वाटायची, साधी, लहान मुलाला अंधाराची वाटते तशी. आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगण्यासारखी माणसं त्या वेळी झोपलेली असत.

बाराव्या रात्री दोन वाजता तिनं डोक्याला रुमाल बांधला, चपला हातात घेतल्या आणि मागच्या दारानं शेडकडे गेली.

शेड म्हणजे पत्र्याचं लांबलचक छप्पर, आत माणसाच्या उंचीच्या मांडण्या, मांडण्यांवर पाच-पाच मजले, आणि प्रत्येक मजल्यावर पाल्यात लोळणाऱ्या रेशमाच्या अळ्या. अडीच वर्षांपूर्वी शेड अखंड होती. आता मधोमध निळी ताडपत्री होती, छपरापासून जमिनीपर्यंत. अलीकडे थोरल्याच्या मांडण्या, पलीकडे धाकट्याच्या. दार इकडे एक, तिकडे एक. तुतीचा मळाही वाटला गेला होता. विहिरीजवळचा तुकडा धाकट्याला, वरच्या अंगाचा थोरल्याला.

भावाभावांत वाकडं काही नव्हतं. ते दोघं अजूनही संध्याकाळी बाहेरच्या दगडावर बसून गप्पा मारत. वाकडं होतं ते जावाजावांत, आणि त्याला कारण एक डासांची कॉइल होती.

अळ्यांना वास चालत नाही. अत्तर नाही, तंबाखू नाही, फवारणीचं औषध तर मुळीच नाही. दाराशी चुन्याच्या पाण्याचं घमेलं असतं, त्यात पाय बुडवायचे, हात धुवायचे, मगच आत जायचं. धाकटीला हे ठाऊक होतं, पण तेव्हा ती नवखी होती. एका रात्री राखणीला एकटी बसली असताना डासांनी फोडून काढली, म्हणून तिनं कोपऱ्यात कॉइल लावली आणि सकाळी अर्धी बॅच माना टाकून पडली होती. थोरली आधीच तापट. शेजारीपाजारी, कोष घेणारा व्यापारी, सगळे उभे असताना ती म्हणाली, "हिच्या हातालाच गुण नाही. हात लावेल त्याची माती!"

धाकटी एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही नाही. महिन्याभरात चुली वेगळ्या झाल्या, ताडपत्री आली. थोरलीला गाठ निघाली आणि ती कॅन्सरची ठरली, तेव्हा धाकटी सगळ्यांबरोबर दवाखान्यात आली, पलंगाच्या पायथ्याशी चार मिनिटं उभी राहिली आणि तशीच गेली.

तर थोरली चुन्याच्या पाण्यात पाय बुडवून आत आली. चौथी कात टाकून अळ्या नुकत्याच जाग्या झाल्या होत्या. कात टाकायच्या आधी त्या दिवसभर मान वर करून गप्प पडतात, पाल्याला तोंड लावत नाहीत, आणि उठल्या की मग आठ दिवस नुसत्या खातात. शेडभर तो आवाज भरलेला होता, शेकडो माणसांनी हलक्या हातानं कागद फाडत बसावं तसा. थोरली पालथ्या पाटीवर टेकली. तिला एकदम बरं वाटलं. या घरात आपल्याशिवाय कुणीतरी जागं आहे, एवढंच.

ताडपत्रीच्या पलीकडेही दिवा होता. धाकटीचा नवरा रात्री टेम्पो घेऊन भाजी न्यायला जायचा, म्हणजे ती एकटीच असणार. दहाचा पाला घातला की पहाटे चारपर्यंत शेडमध्ये कुणाचं काम नसतं, पण धाकटीनं आपली रीत बदलली असेल, थोरलीला काय माहीत? अडीच वर्षांत तिनं तिकडे मान वळवून पाहिलं नव्हतं.

दोन रात्री अशाच गेल्या. इकडे पाटी कुरकुरायची, तिकडे कुणीतरी खाकरायचं. तिसऱ्या रात्री थोरलीला राहवलं नाही. ती अळ्यांशी पूर्वीपासूनच बोलायची, काम करणाऱ्या सगळ्याच बायका बोलतात. ती म्हणाली, "खा गं बायांनो, खा. तुमचं बरंय, तुम्हाला भूक तरी आहे. आमच्या तोंडाला मऊ भातसुद्धा मातीसारखा लागतो."

 पलीकडून आवाज आला, तोही अळ्यांनाच सांगितल्यासारखा.

"ऐकलंत का गं? तोंडाला चव नसेल तर एकदम ताट वाढून घेऊ नये. दोन-दोन घास करून दिवसातून आठदा खावं. जेवण गार करून खावं. माझ्या आईनं असंच काढलं सहा महिने."

थोरली थक्क झाली. धाकटीच्या आईला हाच आजार? चार वर्षं ही पोर या घरात होती. तिच्या माहेराबद्दल कधी आपण होऊन विचारल्याचं थोरलीला आठवेना.

आता सरळ विचारायचं तर अडीच वर्षांचं मौन मोडावं लागणार, आणि पहिलं कोण मोडणार हा प्रश्न होताच. थोरलीनं समोरच्या मजल्यावरची एक जाडजूड अळी निवडली आणि तिच्याकडे बघत विचारलं, "काय गं, मग त्या आईचं पुढं काय झालं म्हणे?"

"काय व्हायचंय, बायांनो! आठ वर्षं झाली. अजून काठी घेऊन माझ्या भावाच्या मागं धावते."

थोरलीला हसू आलं. तोंड आलेलं होतं, हसताना ओठ चिरत होते, तरी ती हसली. पलीकडेही हसू दाबल्याचा आवाज आला.

तेव्हापासून हा रिवाजच पडला. दोघी रोज भेटायच्या म्हणजे भेटायच्या नाहीतच, आपापल्या अळ्यांशी बोलायच्या. केस गेल्यावर उशी कशी टोचते हे थोरलीनं आपल्या अळ्यांना सांगितलं. जुन्या बनियनची टोपी शिवली तर टोचत नाही, हे धाकटीनं आपल्या अळ्यांना सांगितलं, आणि दुसऱ्या रात्री तशी टोपी ताडपत्रीच्या खालून सरकत अलीकडे आली. थोरलीनं ती घातली. "बायांनो, टोपी बसली बरं का," तिनं जाहीर केलं. "शिवणारीचं माप चांगलंय. फक्त कान झाकले गेले, आता कुणी चांगलं बोललं तर ऐकू येणार नाही."

"बायांनो, त्या कानांना चांगलं ऐकायची सवय होती कुठे?"

हा टोला थोरलीनं मुकाट्यानं घेतला. घेण्यासारखाच होता.

नवऱ्याच्या लक्षात यायला चार रात्री लागल्या. पहाटे तो चारच्या पाल्याला उठून आला तर बायको पाटीवर बसलेली. त्यानं कपाळाला हात लावला, काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात पलीकडून धाकटीचा आवाज आला, "बायांनो, आता उजाडेल, ज्याला त्याला चहा करायचाय." तो बायकोकडे बघत राहिला. मग ताडपत्रीकडे. मग कामाला लागला. त्या रात्री थोरली आली तर पाटीच्या जागी घरातली प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर गोधडी घडी करून ठेवलेली आणि तोंडाला बांधायचा स्वच्छ रुमाल. खुर्चीचा एक पाय आखूड होता, बसलं की कर्र करायची.

अळ्या बोटाएवढ्या झाल्या होत्या. थोरलीच्या अंगाला आता नवं दुखणं लागलं, हाडांचं. नडग्या आतून कुणी पिळून काढल्यासारख्या ठणकत. नवऱ्यानं दुकानातून बाम आणला. रात्री जेवणं झाल्यावर त्यानं तिच्या दोन्ही नडग्या चोळून दिल्या, राहिलेल्या बामानं तिनं स्वतःचे गुडघे चोळले, आणि त्याला तिथंच डोळा लागला. घड्याळात दहाला पाच कमी होते. दहाचा पाला घालायचा होता.

झोपू दे त्याला, थोरलीनं विचार केला. एक पाला काय, उजव्या हातानं घालीन. शेडशी ती आता सरावली होती, आणि खरं सांगायचं तर तिच्या हाताला काम हवं होतं. चुन्याच्या पाण्यात तिनं बोटं बुडवली, मांडणीखालचे पाल्याचे भारे सोडले, आणि वरच्या मजल्यापासून सुरुवात केली. मूठ घ्यायची, झटकायची, पसरायची. डावा हात पोटाशी धरून एका हातानं तिनं अर्ध्या तासात सगळ्या मांडण्या संपवल्या. घाम आला, पण असा घाम तिला महिन्यांनंतर आला होता, कामाचा. ती खुशीत खुर्चीवर बसली. कर्र झालं.

आणि मग शांतता. अळ्या खाईनात.

थोरली उठून बघायला गेली. अळ्यांनी माना वर काढल्या होत्या आणि पाल्यापासून लांब सरकत होत्या, मजल्याच्या कडेला गोळा होत होत्या. एकीनं हिरवं पाणी ओकलं.  काय झालं? पाला तर आपल्याच मळ्यातला, सकाळी तोडलेला. तिनं मूठभर पाला नाकाशी नेला. वास काहीच नाही. तिला वासच येत नव्हता, दोन महिने झाले.

पलीकडून पावलं आली, ताडपत्रीशी थांबली.

"बायांनो, बाम," धाकटी म्हणाली. आवाज घाईचा होता, पण चढा नव्हता. "कुणाच्या तरी हाताला बाम आहे. वास इकडपर्यंत येतोय. सगळा पाला काढून बाहेर टाका म्हणावं, एक पान ठेवू नका. आधी हात राखेनं घासा, मग साबणानं, मग चुन्याच्या पाण्यानं. खिडक्या उघडा. मरत नाहीत, नुसता वास आहे, औषध नाही. घाबरू नका म्हणावं."

थोरली घाबरलेलीच होती. तिनं हात घासले, कातडी लाल होईपर्यंत घासले. मग एका हातानं पाला ओढायला लागली आणि तिला रडू फुटलं. ताडपत्री खालून उचलली गेली आणि दोन हात आत आले, पाठोपाठ धाकटी आली, मान खाली घालून. तिनं थोरलीकडे पाहिलं नाही. ती खालच्या मजल्यांना लागली, थोरली वरच्या. पाऊण तास दोघी काम करत होत्या, आणि तेवढ्यात दोघींच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. सगळा पाला बाहेर गेला. मग धाकटी आपल्या बाजूला गेली आणि आपल्या चारच्या पाल्यातले तीन भारे ताडपत्रीखालून अलीकडे ढकलले. विहिरीजवळचा पाला, लुसलुशीत. पुरेसा नव्हता, पण पहाटेच्या आत सगळ्यांच्या तोंडाला लागला. पहिली अळी खाऊ लागल्याचा आवाज आला तेव्हा थोरली खुर्चीवर बसली.

ती वाट बघत होती. आता येईल तो शब्द. ज्या शेडमध्ये तिनं म्हटलं होतं की हिच्या हाताला गुण नाही, त्याच शेडमध्ये आज तिच्याच हातानं बॅच मरायला आली होती. ती धाकटीच्या जागी असती तर म्हणाली असती. तिला स्वतःचा स्वभाव माहीत होता.

पलीकडून इतकंच आलं, "बायांनो, माणसाचं नाक गेलं असेल तर त्यात त्याचा काय दोष?"

थोरलीनं डोळे पुसले. मग समोरच्या अळ्यांना म्हणाली, हळू, पण ताडपत्रीपलीकडे जाईल इतपत मोठ्यानं. "बायांनो, मी एकदा एका पोरीला चारचौघांत बोलले होते. ती नवीन होती. तिला डास चावत होते, आणि मी तिला एकटीला रात्रभर बसवलं होतं. चूक तिच्या हाताची नव्हती. माझ्या तोंडाची होती. मी हे अडीच वर्षं कुणाला बोलले नाही. तुम्हाला सांगतेय."

 पलीकडचा दिवा उजाडेपर्यंत चालू होता.

अळ्या जगल्या. अठ्ठावीस-तीस मेल्या, तेवढ्या चांगल्या बॅचमध्येही मरतात. फक्त एक पाला बुडाल्यामुळे थोरलीच्या अळ्या एक दिवस मागे पडल्या. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि बामाची डबी विहिरीपलीकडे फेकून दिली, एवढ्या जोरात की दोन दिवस त्याचा खांदा दुखत होता आणि चोळायला बाम नव्हता.

पण त्या एका दिवसानं दुसराच घोळ केला. आठ दिवस खाऊन झालं की अळ्या पिकतात. अंग पिवळट, काचेसारखं होतं, खाणं सुटतं, आणि मान हलवत त्या कोष विणायला जागा शोधू लागतात. तेव्हा एकेक अळी वेचून चंद्रिकेवर सोडावी लागते, म्हणजे त्या घड्याघड्यांच्या जाळीवर. हे काम तासातासाचं असतं. उशीर झाला तर अळ्या भलतीकडेच सूत काढून मोकळ्या होतात आणि महिन्याची मेहनत वाया जाते. थोरलीच्या अळ्या आता बुधवारी पिकणार होत्या. आणि चौथी सुई बुधवारीच होती. दिवस उजाडायच्या आत बस धरायची, दिवसभर सुई, रात्री लेकीकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. नवऱ्याला बरोबर जावंच लागणार होतं, सुईनंतर तिला धड चालता येत नसे.

"सुई आठ दिवस पुढं ढकलू," थोरली म्हणाली.

"वेडी आहेस का? अळ्या गेल्या उकिरड्यावर!"

"उकिरड्यावर? एवढी राबलायस तू एकटा त्यांच्यामागं. आणि मी..." ती थांबली. या अळ्यांबरोबर आपण रात्री काढल्या, हे तिला म्हणायचं होतं, पण ते नवऱ्याला सांगायचं म्हणजे अवघड वाटलं. "सुई कुठं पळून जातेय? दवाखाना तिथंच आहे."

नवरा वाद घालून थकला आणि तसाच झोपला. तीही ठरवून मोकळी झाली. रात्री शेडमध्ये आल्यावर तिनं अळ्यांना सांगितलं, "बायांनो, काळजी करू नका, मी तुम्हाला टाकून जात नाही. सुई पुढच्या आठवड्यात."

ताडपत्री अशी हलली की कुणीतरी तिला धक्का मारला असावा.

"बायांनो!" धाकटीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "त्यांना सांगा, माझ्या आईनं पण एक सुई अशीच चुकवली होती. लग्नघर आहे म्हणून. मग गाठ पुन्हा दिसली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं, दुप्पट. सुई चुकवायची नाही म्हणावं. ज्या अळ्यांसाठी ती चुकवतायत, त्या तीन दिवसांत कोषात जाऊन बसणार आणि यांच्याकडे ढुंकून बघणार नाहीत."

 थोरली हट्टानं म्हणाली, "बायांनो, पण वेचणार कोण?"

"माझ्या मंगळवारी पिकतायत, यांच्या बुधवारी. मंगळवारी मी माझं आटपते, बुधवारी मोकळीच आहे. आमचे मालक बुधवारी टेम्पो घरी ठेवतील, त्यांनाही लावते कामाला. बसून बसून पोट सुटलंय त्यांचं." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "म्हणजे, माझा हात चालत असेल तर."

थोरलीनं कडेला आलेली एक अळी उचलून पाल्यावर नीट ठेवली.  मग ती म्हणाली, "बायांनो, तिला सांगा, त्या हाताइतका चांगला हात या घरात दुसरा नाही. माझा धरूनसुद्धा."

बुधवारी अंधारातच नवरा-बायको निघाले. बसमध्ये थोरलीनं टोपी कानापर्यंत ओढली. दवाखान्यात खुर्चीला टेकून बाटलीकडे बघत असताना नवऱ्याच्या फोनवर घरून फोन आला. धाकटा बोलत होता. "दादा, हिनं पहाटेपासून मला वाकवलंय. दोन मांडण्या झाल्या. जेवायला सोडत नाही. वहिनींना सांग, लवकर घरी या, नाहीतर मी जगत नाही." नवऱ्यानं ते जसंच्या तसं सांगितलं. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला वाटलं, या बाईला सुई चढतेय आणि ही हसतेय कशी?

गुरुवारी संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा पायात त्राण नव्हतं. नवऱ्यानं तिला आधी घरात झोपवलं. झोपवलं म्हणजे आडवं केलं. नवी सुई, नव्या गोळ्या. रात्री दोन वाजता ती टक्क जागी होती आणि तो घोरत होता. ती भिंत धरून उठली, मागच्या दारानं गेली, चुन्याच्या पाण्यात पाय बुडवले.

शेडमध्ये काहीच आवाज नव्हता.

दिवा लावला तर चंद्रिका भरलेल्या होत्या. एक घडी रिकामी नाही, एका घडीत दोन नाहीत. बारीक पांढऱ्या सुतात अळ्या गुरफटून गेलेल्या, काहींचा कोष इतका घट्ट झालेला की आत कोण आहे दिसतही नव्हतं. इतकी नेटकी भरणी थोरलीला स्वतःलाही कधी जमली नव्हती.  ती खुर्चीवर बसली. कर्र झालं, आणि ते कर्र सगळ्या शेडमध्ये ऐकू गेलं.

"बायांनो," ती सवयीनं म्हणाली आणि थांबली. ऐकायला कुणी नव्हतं. सगळ्या दारं लावून बसल्या होत्या.

पलीकडे अंधार होता. असणारच. काम संपलं, आता पाला नाही, राखण नाही, ती कशाला जागी राहील? थोरलीला पुन्हा ते जुनं वाटायला लागलं, रात्रीचं, एकटेपणाचं. दोन दिवस विसरलेली भीती हळूच पाय टाकत येऊ लागली.

तेवढ्यात पलीकडे दिवा लागला. कुणीतरी खाकरलं.  मग धाकटीचा आवाज आला, चाचरत.

"आता कुणाला सांगायचं? माझ्याकडच्याही सगळ्या आत गेल्या."

थोरलीनं कोरडे ओठ ओले केले.

"मला सांग," ती म्हणाली.

ताडपत्री उचलली गेली. धाकटी आली, काखेत स्टूल, हातात चहाचे दोन पेले. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. दिव्यात तिला नीट बघितल्यावर थोरलीच्या लक्षात आलं की ही पोर झोपेतून उठून आलीय.

"सरका ताई जरा. तिकडे वारा लागतो."

ताई. अडीच वर्षांनी. थोरलीनं खुर्ची सरकवली, ती पुन्हा वाजली. चहा गार होता, मुद्दाम गार केलेला. ती एक घोट प्यायली आणि मग तिच्या डोक्यात उशिरानं उजेड पडला.

"काय गं, दहाचा पाला घातला की चारपर्यंत काही काम नसतं."

"नसतंच."

"मग तू रोज दोन वाजता काय करत होतीस इथं?"

धाकटीनं पेल्यात बघितलं. "पहिल्या रात्री तुम्ही येताना दिसलात खिडकीतून. भिंत धरून येत होतात. मला वाटलं, पडलाबिडलात तर? म्हणून दिवा लावून बसले. मग रोज घड्याळ लावून उठायला लागले. खुर्ची आल्यावर घड्याळही लागेना, ती वाजली की जाग यायची."

"आणि दिवसा पाला कोण तोडायचं? झोपायचीस कधी?"

"झोपायचे की. विहिरीवर पाणी भरेपर्यंत. पाला तोडता तोडता. एकदा टेम्पोत." ती ओशाळून हसली. "आमचे मालक म्हणाले, तुला काय झालंय, चालता-चालता झोपतेस?"

थोरली तिच्याकडे बघत राहिली. म्हणजे आपली झोप गेली ती गेलीच, पण कुणीतरी स्वतःची झोपही त्या गेलेल्या झोपेच्या सोबतीला पाठवून दिली होती.  तिनं गोधडीचं एक टोक धाकटीच्या गुडघ्यांवर टाकलं.

"उद्यापासून दोन वाजता येत जाऊ नकोस," ती म्हणाली.

धाकटीचा चेहरा उतरला. "बरं."

"दहालाच ये. दोनपर्यंत मी काय छपराचे खिळे मोजत बसू?"